वाचकांचे प्रश्न : पेन्शन चालू असेल तर बेकारी भत्ता कापतात का?

प्रश्न : वकीलसाहेब, माझं वय 55. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत 24 वर्षं प्रेस ऑपरेटर आहे. एकूण पगार 20,400 रुपये, त्यात बेसिक आणि डीए मिळून 14,000. ईएसआय आणि पीएफ पहिल्यापासून कापतात. 2011 साली प्रेसमध्ये उजव्या हाताचं एक बोट गेलं, त्याची ईएसआयकडून महिन्याला अकराशेच्या आसपास अपंगत्वाची पेन्शन येते. आता आमची लाइन बंद होणार म्हणतात. एचआरचे साहेब एकेकाला आत बोलावून साडेचार लाखांचं पॅकेज सांगतात, ग्रॅच्युइटी धरून. राजीनाम्याचा मसुदा त्यांनीच टाइप करून दिला आहे, महिनाअखेरपर्यंत सही करायची आहे.

ईएसआयकडून बेकारी भत्ता मिळतो असं एका मित्रानं सांगितलं. माझा प्रश्न असा, की बोटाची पेन्शन चालू असताना तो मिळेल का? पीएफची पेन्शन 50 नंतर घेता येते म्हणतात, ती सुरू केली तर भत्ता कमी करतील का? पुढच्या वर्षी एलआयसीची पॉलिसी पूर्ण होते, त्याचे 1,80,000 येतील, तेही धरतील का? एक एजंट म्हणतो, पेन्शनचं काही सांगू नका, मी सगळं करून देतो. बायकोला साखर आहे, तिचं इन्सुलिन ईएसआयच्या दवाखान्यातून येतं. मुलगी बारावीला आहे. काय काय दाखवू आणि काय नको, ते कळवावं.

— एक कामगार, भोसरी (नाव छापू नये)

उत्तर : महिनाअखेरची मुदत असल्यामुळे तुम्हाला फोनवर सांगायचं ते सांगितलंच आहे. इथे सविस्तर लिहितो, कारण याच मजकुराचा कागद चाकण, रांजणगाव आणि सातपूरच्या किती कामगारांपुढे पडलेला असेल ते मला ठाऊक आहे.

आधी तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल. बोटाची पेन्शन चालूच राहते. बेकारी भत्ता घेत असताना ईएसआयचा दुसरा कुठलाही रोख लाभ मिळत नाही, पण कायमच्या अपंगत्वाची पेन्शन नियमातच त्यातून वगळलेली आहे. दोन्ही एकाच वेळी मिळतात. पीएफच्या पेन्शनमुळे भत्ता कापला जात नाही. एलआयसीच्या पैशांचा तर याच्याशी काही संबंधच नाही. ही गरिबांसाठीची मदत योजना नाही, इथे घरात किती पैसा येतो हे कुणी मोजत नाही. तुम्ही वर्गणी भरली, तुमची नोकरी गेली, आणि ती कशी गेली, एवढंच पाहिलं जातं. पेन्शन असली की भत्ता कापतात ही भीती बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेली असते. अमेरिकेत, ज्या मालकाकडची नोकरी गेली त्याच्याच पेन्शनपोटी बेकारी भत्ता कमी करण्याची तरतूद खरोखर आहे. आपल्याकडे ती नाही.

लपवण्याचा विचार सोडा. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि खोटं निवेदन केल्याबद्दल शिक्षा झाली तर मिळणारा भत्ताही जातो. एजंटला घराबाहेर ठेवा. अर्ज शाखा कार्यालयात स्वतः देता येतो.

आता तुम्ही विचारायला हवं होतं ते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओझरती लिहून पुढे गेला आहात: राजीनाम्याचा मसुदा त्यांनीच टाइप करून दिला आहे. तुमच्या भत्त्याला पेन्शनपासून कसलाही धोका नाही. धोका आहे तो या कागदापासून. त्यावर सही झाली की भत्ता कापला जात नाही, तो मुळातच उरत नाही.

तुम्हाला लागू होणारी योजना म्हणजे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ईएसआय महामंडळानं ती 1 एप्रिल 2005 पासून सुरू केली. निदान दोन वर्षं विमेदार असलेल्या माणसाची नोकरी कारखाना बंद पडल्यामुळे किंवा छाटणीमुळे गेली, तर पहिले 12 महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो. या काळात स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचे औषधोपचारही मिळतात. कामाशी संबंध नसलेल्या कारणानं 40 टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर हीच योजना लागू होते. पण तुमचं बोट कामावर गेलेलं आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. कुणी तसा अर्ज भरायला सांगितलं तर त्याला नियम माहीत नाही असं समजा.

ज्यांना हा भत्ता मिळत नाही त्यांची यादीही नियमात आहे. आपणहून नोकरी सोडलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, मुदतीआधी निवृत्त झालेला, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेला, निवृत्तीचं वय किंवा 60 वर्षं यांतलं जे आधी असेल ते गाठलेला. तुम्ही 55 चे आहात. कंपनीत निवृत्तीचं वय 58 असलं तरी 24 महिन्यांचा भत्ता पूर्ण बसतो. वयाचा अडसर नाही, वर्गणीचा नाही, पेन्शनचा नाही. अडसर फक्त त्या एका सहीचा होईल.

असे मसुदे मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. सगळ्यांची भाषा एकच असते. ‘मी माझ्या वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने राजीनामा देत आहे’ अशी सुरुवात, आणि तळाला ‘यापुढे कंपनीकडे माझे कोणतेही येणे बाकी नाही’ असा शेवट. हा कागद कामगार पाच मिनिटांत सही करून देतो आणि मग त्यातून सुटण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. लाइन बंद होती, सगळ्यांनाच काढलं, हे तोंडी सांगून काही होत नाही. तुमच्याच सहीचा कागद म्हणतो की तुम्ही स्वखुशीनं गेलात. तो खोटा आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि तोपर्यंत साक्ष देणारे सहकारी कुठल्या कुठे पांगलेले असतात.

सही झाल्यावर आणखी एक गोष्ट घडते, ती कामगाराला दिसतही नाही. कंपनीचा क्लार्क ईएसआयच्या पोर्टलवर महिन्याची वर्गणी भरताना तुमच्या नावापुढे शून्य दिवस टाकतो आणि कारणांच्या यादीतून एक कारण निवडतो. त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ आहे, ‘रिटायर्ड’ आहे आणि ‘रिट्रेंचमेंट’ही आहे. राजीनामा हातात असल्यावर तो पहिलंच कारण निवडणार, त्यात त्याची चूक नाही. पुढे तुम्ही भत्त्याचा अर्ज घेऊन शाखेत गेलात की समोरचा माणूस आधी तेच कारण बघतो. तिथे ‘छाटणी’ नसेल तर तुमच्या 24 वर्षांच्या वर्गणीचा तिथे काही उपयोग होत नाही.

कंपनी राजीनामाच का मागते हेही समजून घ्या. छाटणी करताना त्या विभागात, त्या प्रकारच्या कामावर जो शेवटी आला तो आधी जातो, असा नियम आहे. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा घ्या किंवा 2020 ची औद्योगिक संबंध संहिता, दोन्हींत तो आहे. कंपनीला वेगळं करायचं असेल तर तशी कारणं नोंदवावी लागतात. तुमची 24 वर्षं झाली आहेत. तुमच्यामागून आलेले तिथे असताना तुम्हाला सरळ छाटणं कंपनीला सोपं नाही. शिवाय छाटणीसाठी नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, सरकारला कळवावं लागतं, आणि मोठ्या कारखान्यात तर आधी परवानगी काढावी लागते. राजीनाम्याच्या एका कागदानं ही सगळी कटकट मिटते. तो कागद कंपनीला किती मोलाचा आहे हे लक्षात घेऊन बोलायला बसा.

आता आकडे. पॅकेज साडेचार लाखांचं, ‘ग्रॅच्युइटी धरून’. ग्रॅच्युइटी हे कुणाचं बक्षीस नाही. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला ती राजीनाम्यावरही मिळते आणि छाटणीतही मिळते. तुमचे 14,000 घ्या, 26 नं भागा, 15 नं गुणा, 24 वर्षांनी गुणा. 1,93,846 रुपये होतात. हे तुमचेच आहेत. म्हणजे कंपनी राजीनाम्यासाठी खरोखर देऊ करते ते उरलेले 2,56,154 रुपये.

छाटणी झाली तर दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आहे. अर्धा महिना 10,200 धरला तर 24 वर्षांचे 2,44,800, आणि नोटीसऐवजी एक महिन्याचा पगार 20,400. मिळून 2,65,200. म्हणजे कायद्यानं जे किमान द्यायचं त्यापेक्षाही हे पॅकेज कमी आहे. त्यात ईएसआयचा भत्ता मिळवा. तुमचा रोज ढोबळमानानं 680 धरला तर पहिल्या वर्षी रोजचे 340, म्हणजे 1,24,100, आणि दुसऱ्या वर्षी 170 प्रमाणे 62,050. दोन वर्षांचे 1,86,150. सगळे मिळून 4,51,350, तेही ग्रॅच्युइटी वेगळी ठेवून. सहीची किंमत तुम्हाला जवळजवळ 1,95,000 रुपये पडणार आहे. शाखेत रोजाची सरासरी थोडी वेगळी निघेल, म्हणून आकडा इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच राहील.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं नावही तुमच्या कानावर येईल. ती 1 जुलै 2018 पासून आहे. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस, सरासरी रोजाच्या 50 टक्के. ती ठरावीक मुदतीची आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते. तुमच्या बाबतीत 90 दिवसांचे होतात 30,600. एकाच काळासाठी दोन्ही योजना मिळत नाहीत, आणि जिथे छाटणी सिद्ध होते तिथे 24 महिने सोडून 90 दिवस पकडण्यात अर्थ नाही. स्वेच्छानिवृत्तीला तीही लागू होत नाही.

तुमच्या पत्रामागची खरी चिंता मला पैशांची वाटली नाही, इन्सुलिनची वाटली. त्याबद्दल नीट सांगतो, कारण यातही कागदावरच्या एकेका शब्दावर बरंच अवलंबून आहे. छाटणी होऊन भत्ता सुरू झाला तर 24 महिने तुम्हाला, पत्नीला आणि मुलीलाही दवाखाना चालू राहतो. ईएसआयच्या नियमांप्रमाणे निवृत्त झालेल्या, किंवा स्वेच्छानिवृत्ती योजनेत अथवा मुदतीआधी निवृत्त झालेल्या माणसाला, त्याची पाच वर्षं विम्याखाली झाली असतील तर, वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार मिळतात. मुलगी त्यात येत नाही. आणि नुसता ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ दिला तर? भरलेल्या वर्गणीच्या हिशेबानं कार्ड काही महिने चालतं आणि मग बंद होतं. म्हणजे तुमच्यापुढे ठेवलेला मसुदा हा तिन्हींतला सगळ्यात वाईट आहे. भत्ता नाही, आणि पुढे पत्नीचं इन्सुलिनही नाही.

पीएफची पेन्शन. नोकरी गेल्यावर 50 नंतर ती घेता येते हे खरं, पण 58 ला जेवढी वर्षं कमी, त्या दर वर्षामागे 4 टक्के कमी होतात, आणि ते जन्मभरासाठी. 58 व्या वर्षी समजा 3,500 बसणार असतील तर आज घेतल्यास साधारण 12 टक्के कमी, म्हणजे 3,080 च्या आसपास. पुढे 58 चे झालात म्हणून ती वाढवून मिळत नाही. शिवाय पेन्शन एकदा सुरू झाली की पुढे दुसरी नोकरी लागली तरी तिची वर्षं पेन्शनमध्ये धरली जात नाहीत. भत्त्याचे 24 महिने तुम्हाला 57 पर्यंत नेतात, मग 58 ला एकच वर्ष राहतं. तोवर थांबा. आणि थांबायचं आणखी एक कारण आहे. भत्त्याचा दावा मंजूर होईपर्यंत तुम्ही ‘निवृत्त’ आहात असं सुचवणारा कुठलाही कागद स्वतःच्या सहीनं बाहेर जाऊ देऊ नये असं माझं मत आहे. पेन्शनमुळे नियमानं भत्ता जात नाही, पण वादाला तोंड कशाला फोडायचं?

एलआयसीची पॉलिसी पूर्ण होऊ द्या. मध्येच मोडायचा विचार असेल तर तो काढून टाका.

भत्ता चालू असताना दोन गोष्टी सांभाळा. कुठेही पुन्हा नोकरी लागली की भत्ता थांबतो, मग पगार कितीही कमी असो. सिक्युरिटीच्या एजन्सीत चार महिने रोखीनं काम केलं आणि सांगितलं नाही, तर ते आज ना उद्या उघडं पडतं, कारण ईएसआयचा विमा क्रमांक सगळीकडे तोच राहतो. काम मिळालं तर शाखेला लेखी कळवा. आणि दुसरी गोष्ट, आजारपणाचा रोख लाभ आणि बेकारी भत्ता एकाच दिवसांचे दोन्ही मिळत नाहीत. आजारपणाचा दाखला देऊन दोन्हीकडून पैसे घ्यायला जाऊ नका.

मग आता करायचं काय? सही करू नका. एचआरला एका पानाचं पत्र द्या: लाइन बंद होत असेल तर मला रीतसर छाटणीचं पत्र आणि कायद्यानं देय भरपाई द्यावी, मी राजीनामा देत नाही. पोच घ्या. पोच देत नसतील तर तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. कामावर जात राहा, हजेरी लावत राहा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. ‘आलाच नाही’ असं म्हणायला कंपनीला जागा ठेवू नका, कारण आपणहून काम सोडलं असं ठरलं तरी भत्ता जातो. कोऱ्या कागदावर, मागच्या तारखेच्या कागदावर किंवा ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेल्या कागदावर सही नाही. तुमच्यापैकी कुणी आधीच सही केली असेल आणि राजीनाम्याची तारीख अजून उजाडलेली नसेल, राजीनामा मंजूर झाल्याचं पत्रही मिळालेलं नसेल, तर त्यानं आजच्या आज तो लेखी मागे घ्यावा. वाट पाहण्यात एक दिवसही घालवू नये.

छाटणीचं पत्र मिळालं की त्यात ‘छाटणी’ हाच शब्द आहे ना ते वाचा. ‘सेवामुक्त’, ‘कार्यमुक्त’ असे शब्द असतील तर तिथेच दुरुस्त करून मागा. मग पगाराच्या स्लिपा, आधार, बँकेचं पासबुक आणि ते पत्र घेऊन शाखा कार्यालयात जा, आणि पोर्टलवर कंपनीनं काय कारण टाकलं आहे ते तिथेच विचारा. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवून बदलून घ्या. अर्जाला उशीर करू नका.

आणि कंपनी शेवटी म्हणाली की छाटणी नाही, घ्यायचं तर पॅकेज घ्या, तर? तर बोलणी करा, पण आकडा माहीत असू द्या. ग्रॅच्युइटी सोडून साडेचार लाखांच्या खाली मी सही करायला सांगणार नाही, कारण त्याच्या खाली तुम्ही स्वतःच्या खिशातून कंपनीला पैसे देत आहात. आकडा पटला तरी मसुदा बदलून घ्या. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ खोडून ‘कंपनीच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेनुसार निवृत्ती’ असं लिहून घ्या. कंपनीची तशी योजना लेखी असली पाहिजे, तिची प्रत मागा. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळ्या कागदावर घ्या. ‘कोणतेही येणे बाकी नाही’ या ओळीवर सही पैसे खात्यात जमा झाल्यानंतरच करा. आणि निवृत्तीचा दाखला घेऊन त्याच महिन्यात ईएसआय शाखेत 120 रुपये भरा, म्हणजे पत्नीच्या औषधांत खंड पडणार नाही. त्या व्यवहारात बेकारी भत्ता मिळणार नाही आणि मुलीचा दवाखाना सुटेल. तिच्यासाठी वेगळा आरोग्य विमा काढावा लागेल, त्याचा हप्ता पॅकेज ठरवतानाच हिशेबात धरा.